बारा काठ्यांची वाटणी

रुक्मिणीनगर, अमरावती
१० नोव्हेंबर २०२४

वसंतदादा,

नमस्कार करते आहे. घ्यायचा की नाही ते तू ठरव, मोठ्या भावाला करायचा असतो म्हणून मी केला.

फोन तू उचलत नाहीस. नको उचलू बापा. पण पोस्टमनला तू दारातून परत पाठवणार नाहीस, तेवढा भिडस्त आहेस, म्हणून हे कागदावर. अकरा वर्षं झाली आपण एकमेकांशी बोललो नाही. मध्ये एकदा अबोलीच्या लग्नाची पत्रिका आली, वर पत्ता टाईप केलेला. सख्ख्या आत्याला टाईप केलेला पत्ता! मी आले नाही. तो राग आता गेला, नुसती हळहळ उरली आहे.

मुद्द्यावर येते. दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावर बाबांच्या काठ्या सापडल्या, माझ्या वाटणीच्या सहा, बाबांच्याच जुन्या धोतरात गुंडाळलेल्या. तुला आठवते ना ती वाटणी? बाबांच्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी आपण परात तुला, घंगाळ मला असं करत बसलो होतो आणि शेवटी तो गोल्फचा सेट निघाला. बाबांच्या कापसाच्या जिनिंग फॅक्टरीतल्या मॅनेजरनं अकोला सोडताना त्यांना दिलेला. काकू म्हणाल्या, हा वसंताला द्या, तोच जायचा बाबांसोबत खेळायला. मी म्हटलं, नाही, निम्मा माझा. मग आपण दोघं शिकलेसवरलेले लोक सतरंजीवर बारा काठ्या मांडून बसलो. एक तू उचल, एक मी उचलते. तू पहिली उचललीस ती सगळ्यांत बुटकी. मी मनात म्हटलं, ह्याला काही कळत नाही. मी आपल्या ऊस निवडावा तशा लांब लांब बघून घेतल्या.

परवा त्या कुलदीपला दाखवल्या. कुलदीप म्हणजे माझा जुना विद्यार्थी. नववीत त्याला मी गणितात दोनदा नापास केलं, मग तो फौजेत गेला. तिथं छावणीतल्या गोल्फच्या मैदानाची निगा त्याच्याकडे होती. सुटून आल्यावर भातकुलीजवळच्या आपल्या सात एकरांत त्यानं सहा भोकांचं मैदान केलं आहे. खारपाणपट्टा तो, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, संत्रा लावून दोनदा हात पोळले, म्हणून हे. गावचे लोक हसतात, पण रविवारी शहरातले दोन-चार डॉक्टर येतात, क्लासवाले येतात, आणि आता मी.

काठ्या बघून तो म्हणाला, "मॅडम, तुमी बरोबर त्याच निवडल्या ज्या कोनालेच मारता येत नाई."

डॉक्टरांनी मला चालायला सांगितलं आहे, गुडघा धरतो. पण तेवढ्यासाठी अठरा किलोमीटर स्कूटी कोण नेतं? खरं कारण हे की येत्या गुढीपाडव्याला त्याच्याकडे जोडीची मॅच आहे. दोघांत एकच बॉल. एक फटका एकानं मारायचा, पुढचा दुसऱ्यानं. दोघांत मिळून एकच पिशवी. दादा, तुझ्या सहा आणि माझ्या सहा एकत्र केल्या की बाबांची पिशवी पुरी होते. तू ये आणि माझ्यासोबत खेळ. माझं एवढंच मागणं आहे.

आणि तुला एक सांगायचं आहे. ते पत्रात नाही, समोर बसून.

तुझी
अनुपमा

ता. क. तू येशील तोवर निदान हे कळव, की बॉल लागत का नाही. मी काठी मारते, जमीन हलते, बॉल जागचा हलत नाही.


८ डिसेंबर २०२४

वसंतदादा,

तुझं कार्ड आलं! पंधरा पैशांचं होतं तेव्हाही तू त्यावर एवढंच लिहायचास. "डोकं वर उचलू नकोस. ड्रायव्हर माळ्यावर ठेव. वसंत."

बारा वर्षं होत आली आणि भाऊ बोलला तो हे. तरी सांगते, मी ते कार्ड ओट्यावर मिठाच्या बरणीला टेकवून ठेवलं आणि भाजी करपेपर्यंत बघत बसले. फक्त खाली "वसंत" का लिहिलंस? बँकेला लिहितात तसं. असो.

तुझं म्हणणं कुलदीपला वाचून दाखवलं, ड्रायव्हर म्हणजे सगळ्यांत लांब काठी हे त्याच्याकडूनच कळलं. तो म्हणाला, "तुमचे भाऊ खेडलेले मानूस आहेत, मॅडम." मग त्यानं मला बॉलवर बघायला सांगितलं आणि बॉल गेल्यावरही तिथंच बघत राहायला सांगितलं. मी बघत राहिले. मागून टाळ्या ऐकू आल्या तेव्हा कळलं की बॉल गेला. कुठं गेला ते मला अजूनही माहीत नाही, पण गेला खरा. बाप्पा, काय आवाज आला! शाळेतला पितळी टोल वाजायचा तसा.

मी तिथं उभी होते आणि मला एकदम जिनिंगचं मैदान आठवलं. तू आणि बाबा पुढं आणि मी मागं निशाणाचा बांबू धरून. "अनु, हलू नको." "अनु, बॉल बघ कुठं गेला." चार वर्षं मी तुमचे बॉल शोधले आणि कुणी एकदा म्हटलं नाही की घे, तू मार. बाबांना वाटायचं मुलीनं काय काठ्या फिरवायच्या. तुला काय वाटायचं ते तू कधी बोलला नाहीस. त्या दिवशी सतरंजीवर मी निम्मं मागितलं ते ह्यासाठी. काठ्यांचं मला काय लोणचं घालायचं होतं?

जोर किती लावायचा ते कळव. कुलदीप म्हणतो, "तुमी बॉल मारून राहिल्या का सापाले मारून राहिल्या?"

अनुपमा


२९ डिसेंबर २०२४

वसंतदादा,

ह्या खेपेला चार ओळी! उदार झालास. "काठी दुधाच्या पिशवीसारखी धर. फुटू नये, पडू नये. लांबचे फटके सोड. तीन दिवसांतले दोन दिवस भोकापासून तीस पावलांच्या आत खेळ. वसंत."

दुधाची पिशवी मला लगेच कळली. आतापर्यंत मी खडू धरायची तशी धरत होते, पांढरी पडायची बोटांची पेरं. हात सैल सोडला आणि बॉल आपल्या आपण वर उठला. चाळीस वर्षं मी पोरांना म्हणत आले, जोर लावा, जोर लावा. कुणाचं भलं झालं असेल का त्यानं, देव जाणे.

तीस पावलांचं मात्र कुलदीपला विचारलं. कारण तिथं काही मजा नाही. लांब मारलं की लोक वा म्हणतात. तो म्हणाला, मोजून पाहा. मग काय, गणिताच्या बाईला मोजायला सांगितलं! सहा भोकांना मला पासष्ट फटके लागले. त्यातले चौतीस भोकाच्या आसपास, हात हात अंतराचे. मी घरी येऊन कपाळाला हात लावला. म्हणजे तू सतरंजीवर ती बुटकी पहिली का उचललीस ते मला आज समजलं. निम्मा खेळ तिचाच आहे. आणि मी मात्र तुला वेड्यात काढत होते.

माझ्याकडे ती नाही म्हणून मी आठ नंबरच्या काठीनं ढकलते. भोकाभोवती गवत नाही, वाळूत जळकं तेल कालवून रोलर फिरवलेला असतो, बॉल त्यावरून सरळ जातो, फक्त आठ नंबर त्याला आधी उडी मारायला लावते. मी ती बुटकी, ती पटर, मागत नाही आहे. पाडव्याला तू येशीलच, तेव्हा येईल ती तुझ्यासोबत. येशील ना? ह्याबद्दल तू एक अक्षर लिहीत नाहीस. हो नाही, नाही नाही.

आता तूर सोंगून झाली की कुलदीप मैदानाच्या बांधावर बाक टाकणार आहे. तुझी कंबर दुखते म्हणून अबोली सांगत होती. हो, मी तिला फोन केला. रागावू नकोस तिच्यावर.

अनुपमा


२ फेब्रुवारी २०२५

दादा,

एक कबुली देते आणि मोकळी होते.

गेल्या महिन्यात माझा आकडा झपाझप उतरला. पासष्टचे साठ, साठचे बावन्न. मी तुला मोठ्या तोऱ्यात कळवलंही. कुलदीपनं पेढे वाटले, त्या डॉक्टर लोकांत माझं नाव झालं. आणि परवा कुलदीप माझ्यासोबत चालत होता. तिसऱ्या भोकापाशी मी काठी फिरवली, हुकली, बॉल तसाच. मी पदर सावरल्यासारखं केलं आणि पुन्हा मारला. वहीत लिहिताना तो म्हणाला, "मॅडम, सात झाले." मी म्हटलं, सहा. तो म्हणाला, "हवेत गेला तोई मोजा लागते, मॅडम."

मला इतकी लाज वाटली! ह्याच पोराच्या बाकाखालून मी चिठ्ठी काढली होती आणि वर्गासमोर उभं केलं होतं. खरं तर प्रत्येक खेपेला माझे आठ-दहा हुकायचे. मी ते धरतच नव्हते. कोण बघतं? दूरवर एखादी बाई हरभऱ्याची भाजी खुडताना दिसली तर दिसली.

हे तुला लिहायच्या आतच तुझं कार्ड आलं. म्हणजे माझ्या बावन्नावर तुझाही विश्वास बसला नव्हता. "तीन महिन्यांत बावन्न होत नाहीत. हुकलेलाही मोजायचा. कुणी बघो न बघो. बाबांनी मला एवढं एकच शिकवलं. वसंत."

आता खरा आकडा कळवते. एकसष्ट.

दादा, ते कार्ड मी मिठाच्या बरणीजवळ ठेवू शकले नाही. कपाटात उलटं करून ठेवलं आहे. तुला जे समोर बसून सांगायचं म्हटलं होतं ना, ते आता रोज स्वयंपाक करताना माझ्या मानगुटीवर बसून राहिलं आहे. तू येशील की नाही ते सांगत नाहीस आणि मी सांगितल्यावर तर येणारच नाहीस, अशी भीती वाटते. म्हणून थोडे दिवस अजून थांबते.

अनु


२ मार्च २०२५

दादा,

आज मी खेळायला गेले नाही. मैदान भेगाळलं आहे. तू माती तपासण्यात जन्म घालवलास, तुला सांगायला नको आपली काळी जमीन मार्चात कशी उलते. बॉल भेगेत जातो तो हात घालूनही सापडत नाही. कुलदीपनं नियम केला आहे, भेगेत गेला तर हातभर बाजूला दुसरा ठेवा, दंड नाही.

माझ्या ह्या गोष्टीला मात्र दंड आहे, आणि तो मी बारा वर्षं लपवला. आता ऐक.

बाबा माझ्याकडे चौदा महिने अंथरुणाला खिळून होते. तू दर महिन्याला यायचास, फळं आणायचास, दोन तास बसायचास. बाकी मी. शाळा, बाबा, शाळा, बाबा. शेवटच्या दोन दिवसांत दवाखान्यात त्यांनी एकच धोशा लावला होता. "वसंता आला का?" मी पाणी पाजलं की, "वसंता आला का?" मी कूस बदलून दिली की, "वसंता आला का?" चौदा महिन्यांत मला वाटत होतं की एकदा तरी म्हणतील, अनु, दमलीस गं. नाही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुझा फोन आला. अबोलीची बारावीची परीक्षा चालू होती. तू विचारलंस, "मी निघू का?" मी त्यांच्या पलंगापाशी उभी होते. आणि मी म्हटलं, "बरे आहेत. घाई करू नको."

ते बरे नव्हते. डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवा. मी तुला बोलावलं नाही. मला वाटलं, आता तरी माझं नाव घेतील. ती रात्र सरली आणि पहाटे ते गेले. नाव तुझंच घेऊन गेले.

तेरवीला तू मला बाजूला घेऊन विचारलंस, "बाबा माझ्याबद्दल काही म्हणाले का?" विचारताना तू माझ्याकडे बघितलं नाहीस, तुळशीकडे बघत होतास. मी म्हटलं, नाही, झोपेतच गेले. आणि वर दुसऱ्या दिवशी त्या सतरंजीवर सगळ्यांसमोर म्हटलं, "शेवटी कोण होतं त्यांच्याजवळ? मीच होते ना?" तू उठलास, सहा काठ्या पिशवीत घातल्या आणि गेलास. मी तुला थांबवलं नाही, कारण थांबवलं असतं तर खरं सांगावं लागलं असतं.

त्यांना तू हवा होतास, दादा. दोन दिवस हवा होतास. ते दोन दिवस मी तुझ्यापासून हिरावून घेतले. मला माफ कर असं लिहायची माझी हिंमत नाही. पण हुकलेला मोजायचा म्हणालास, म्हणून मोजला.

पाडव्याचं आता मी काही म्हणत नाही.

अनु


१६ मार्च २०२५

दादा,

दोन आठवडे झाले. पोस्टमन समोरच्या घरी येतो, माझ्याकडे हात हलवून जातो.

मी खेळणं सोडलं नाही. तू सांगितलेलं सगळं करते आहे. डोकं खाली, हात सैल, तीस पावलांच्या आत. काल सत्तावन्न लागले, सगळे धरून, हुकलेले पाच धरून. कुलदीपला सांगितलं की जोडीदार येईल की नाही माहीत नाही. तो म्हणाला, "मॅडम, तुमचं नाव मी खोडत नाई. एकट्यानं दोघांचेबी मारा, मी काई कोनाले बोलत नाई."

तू नाही आलास तरी मी तुझ्यावर रागावणार नाही, हे कळवायला हे पत्र. कंबर सांभाळ. ऊन लागू देऊ नको.

अनु


जठारपेठ, अकोला
२२ मार्च २०२५

अनु,

कार्डावर मावणार नाही म्हणून आंतरदेशीय आणलं.

तुझं पत्र मिळालं त्या दिवसापासून रोज लिहायला बसतो. उशीर रागामुळं झाला नाही. मलाही एक लिहायचं होतं आणि हात चालत नव्हता.

त्या दुपारी तू फोनवर "घाई करू नको" म्हणालीस तेव्हा मागून बाबांचा आवाज आला. "वसंता आला का?" आवाज खोल गेला होता, पण शब्द स्पष्ट होते. मी ऐकला.

अबोलीचा पेपर सकाळीच झाला होता. पुढचा तीन दिवसांनी होता. दुपारची गाडी मिळत होती. मी चपला घातल्या, फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. मला त्यांना नळ्या लावलेले बघायचं नव्हतं. ते मला हाक मारतील आणि मी तिथं नुसता उभा राहीन, ह्याची भीती वाटली. तू चौदा महिने जे केलंस त्यातलं एक दिवसही माझ्यानं झालं नसतं. तुझं वाक्य आयतं मिळालं. मी स्वतःला म्हटलं, अनु म्हणते घाई नाही, आणि पंखा लावून पडलो.

म्हणून तेरवीला तुला विचारलं. मला बघायचं होतं तुला कळलं आहे का, की मी ऐकलं होतं. तू "नाही" म्हणालीस. तू खोटं बोलते आहेस हे मला तिथंच समजलं आणि मला हायसं वाटलं, अनु. तुझ्या त्या खोट्याआड मी बारा वर्षं लपून बसलो. सतरंजीवरून उठलो तो तुझ्या बोलण्याचा राग येऊन नाही. तू खरं बोललीस आणि मला तुझ्यासमोर बसवेना. पत्रिकेवरचा पत्ता मी हातानं तीनदा लिहिला आणि तीनदा फाडला.

तू एकटीनं मोजलास, ते बरोबर नाही. दोन लिही. एक तुझा, एक माझा.

बांबूचंही आठवतं. मला वाटायचं, अनुला द्यावी एकदा. बाबांना विचारायची छाती झाली नाही.

पाडव्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, चारच्या एसटीनं निघतो. पिशवी आणतो आहे, तिची चेन तुटली आहे, सुतळीनं बांधतो. पटर मी दर पाडव्याला खोबरेल लावून पुसत आलो, गंज नाही. कंबरेसाठी मला पलंग नको, खाली गादी टाक. रात्री फक्त वरणभात कर.

ड्रायव्हर माळ्यावरून काढून ठेव. पहिला फटका तू मारायचास, आणि जोरात मार. कुठं जाईल तिथं जाऊ दे. बॉल मी शोधतो.

दादा